लाल आपत्कालीन पिशवी: सांगलीच्या पुराला आणि कोयनेच्या भूकंपाला कितपत पुरते?

आधी निकाल सांगते. ही पिशवी घ्यायला हरकत नाही, पण आली तशी कोपऱ्यात ठेवून निर्धास्त होऊ नका. पिशवी, टॉर्च आणि शिट्टी या तीन गोष्टींचे पैसे वसूल होतात. बाकी निम्मं सामान काढून टाकावं लागतं आणि त्या जागी आपल्याच बाजारातलं भरावं लागतं. काय भरायचं आणि पिशवी घरात कुठे ठेवायची, हे तुमच्या घराला पाण्याची भीती आहे की जमिनीची, यावर ठरतं. माझं सासर पुरातलं आणि माहेर भूकंपातलं, म्हणून मी दोन पिशव्या मागवल्या आणि दोन्ही घरांत वापरून बघितल्या.

ही पाठीवर घ्यायची लाल पिशवी ऑनलाइन चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला असते. आतलं सामान तेच, फोटोही जवळपास तेच. त्यामुळे कंपनीचं नाव लिहीत नाही. फोटोत दांडा फिरवायचा टॉर्च, चंदेरी ब्लँकेट आणि पाण्याची छोटी पाकिटं दिसली की समजा हीच ती. मला एक २,८०० रुपयांना पडली. वर्णनात लिहिलेलं असतं, ‘चार माणसं, ७२ तास’. या चार माणसांच्या ७२ तासांबद्दल पुढे बोलते.

सासर सांगलीत गावभागात. इथल्या माणसाला पूर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात सकाळी उठलं की पहिला प्रश्न असतो, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ, पाणी किती फूट? ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत परत ५४ च्या पुढे. माहेर हेळवाकचं, पाटण तालुक्यात, कोयनानगरच्या अलीकडे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी तिथे जो भूकंप झाला तो ६.३ रिश्टरचा होता. जवळपास १८० माणसं गेली. माझी आई तेव्हा पहिलीत होती. तेव्हापासून त्या खोऱ्यात लहान-मोठे धक्के बसतच आले आहेत. कोयना धरणात साठलेल्या पाण्याशी या भूकंपांचा संबंध आहे, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचा अभ्यास करतात. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं आहे. एवढं करूनही पुढचा धक्का कोणत्या दिवशी येणार, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

पूर आणि भूकंप यांतला मोठा फरक हाच. कृष्णा फुटाफुटाने चढते. कोयनेतून किती विसर्ग सोडला, वारणा किती भरली, पाऊस कुठे किती झाला, हे सगळं आधी कळतं. आवरायला निदान काही तास मिळतात. भूकंपात काही सेकंदही हातात नसतात. एकच पिशवी दोन्हीसाठी विकणाऱ्याने हा विचार केलेला दिसत नाही.

आता पिशवी. माझा धंदा शिवणकामाचा आहे, त्यामुळे कुठलीही पिशवी हातात आली की मी आधी ती उलटी करून आतली शिवण बघते. कापड चांगलं आहे. जाड पॉलिएस्टर, आतून कोटिंग केलेलं, चुरगाळलं तरी कोटिंग सुटत नाही. चेन मोठ्या दात्यांची आहे, रनर दोन बाजूंनी उघडतो. मागे पाठीला लागतं तिथे फोम आहे. खरी कमतरता खांद्याच्या पट्ट्यात आहे. पट्टा पिशवीला जिथे जोडलाय तिथे नुसत्या दोन सरळ टिपा मारल्या आहेत. सगळं वजन तिथेच येतं. अशा जागी चौकोन मारून त्यात फुली घालतात, म्हणजे ओढ चारी बाजूंना वाटली जाते. एका पिशवीचा डावा पट्टा मी भरल्या वजनानिशी दोन-चार वेळा जोरात झटकला, तर टिपेचा दोरा उसवायला लागला. दोन्ही पिशव्यांना मी अठरा नंबरच्या सुईने आणि नायलॉनच्या दोऱ्याने चौकोन-फुलीची टीप मारून घेतली. कुठलाही बॅग दुरुस्तीवाला हे काम थोड्या पैशांत करून देईल. घेतल्या घेतल्या करून घ्या, कारण गळ्यापर्यंतच्या पाण्यात पट्टा तुटला तर पिशवी परत हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. जाहिरातीत ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय. मी पिशवीत वर्तमानपत्राचे कागद भरले, चेन बंद केली आणि मागच्या दारच्या पिंपात पिशवी दाबून धरली. लगेच चेनच्या दात्यांतून बुडबुडे यायला लागले. बाहेर काढून बघितलं तर मधले कागद बऱ्यापैकी कोरडे होते, पण तळाच्या शिवणीलगतचे भिजून लगदा झाले होते. कापडातून पाणी येत नाही, सुईच्या भोकांतून येतं. शिवणीवर आतून टेप लावलेली नाही. म्हणजे ही पिशवी पावसाची सर सोसते, पाण्यात बुडणं सोसत नाही. सांगलीच्या माणसाने या पिशवीच्या भरवशावर कागदपत्रं ठेवू नयेत.

आम्ही त्यावर केलेला उपाय साधा आहे. गणपती पेठेत प्लास्टिकच्या दुकानांत जाड पारदर्शक पिशव्या मिळतात. एकात एक अशा दोन घेतल्या, तोंड पिळून, दुमडून रबराने घट्ट बांधलं, आणि ही सगळी गाठोडी लाल पिशवीच्या आत अस्तरासारखी बसवली. त्याच पिंपात पुन्हा बुडवलं, कागद कोरडे राहिले. ज्यांच्याकडे वरचा मजला नाही त्यांनी लोखंडी कड्याने झाकण आवळायचा निळा ड्रम घ्यावा. जुने ड्रम स्वस्तात मिळतात, फक्त आधी त्यात केमिकल भरलेलं नव्हतं याची खात्री करून घ्या. धान्य, कपडे, वह्या-पुस्तकं त्यात राहतात, आणि ड्रम खांबाला दोराने बांधला की तरंगतो पण वाहून जात नाही.

आता आतलं सामान. टॉर्च मला मनापासून आवडला. दांडा फिरवून चालतो, वर छोटं सोलर पॅनल आहे, बाजूला रेडिओ. मिनिटभर फिरवलं की चांगला वेळ उजेड पडतो. एका रात्री आम्ही मुद्दाम घराचा मेन स्विच बंद केला आणि रात्रीचा स्वयंपाक, जेवण, सासूबाईंचं इंजेक्शन, मुलाचा अभ्यास सगळं याच टॉर्चवर केलं. एक टॉर्च चौघांना पुरत नाही हे तेव्हा कळलं. स्वयंपाकघरात उजेड नेला की बाहेरची खोली अंधारात. म्हणून कपाळाला बांधायचे दोन साधे टॉर्च वेगळे घेतले, दोन्ही हात मोकळे राहतात. त्याच दांड्यावर मोबाइल चार्ज होतो असं लिहिलंय, त्यावर विसंबू नका. हात भरून येईपर्यंत फिरवलं तरी बॅटरीचा आकडा हलला नाही. त्यापेक्षा १०,००० एमएएचची पॉवर बँक ठेवा आणि सणावारी आठवणीने चार्ज करा. घरात जुना बटणांचा फोन पडून असेल तर तोही चालू ठेवा, एका चार्जिंगवर तो कितीतरी दिवस जातो.

रेडिओ फक्त एफएम धरतो. सांगलीत आवाज स्वच्छ येतो. हेळवाकला डोंगरांच्या कुशीत नुसती खरखर येते, माळावर जाऊन उभं राहिलं तर जरा बरं ऐकू येतं. पाटण खोऱ्यात राहणाऱ्यांनी रेडिओ हा बोनस समजावा.

शिट्टी उत्तम आहे. आत गोटी नाही, त्यामुळे ओली झाली, धूळ गेली तरी वाजते. पण ती पिशवीच्या पट्ट्याला शिवलेली आहे. ढिगाऱ्याखाली अडकलेला माणूस पिशवीपर्यंत कसा जाणार? ओरडून घसा बसतो आणि तोंडात धूळ जाते, शिट्टीचा आवाज मात्र लांब जातो आणि दमही कमी लागतो. मी ती शिट्टी उसवून काढली. हेळवाकच्या घरात आता प्रत्येक खाटेच्या उशाला एकेक शिट्टी बांधली आहे. थांबून थांबून तीन-तीनदा वाजवायची, हे माझ्या भाच्यांना नीट शिकवलंय. शेजारी चपलांचा नाही, बुटांचा जोड, कारण धक्क्यानंतर जमिनीवर कौलांचे तुकडे आणि काचा असतात, आणि अंधारात पहिलं पाऊल त्यावरच पडतं.

आता जे काढून टाकलं ते. चकमकीसारखी ठिणगी पाडायची एक दांडी आहे, मेणबत्त्या आहेत, काडेपेटी आहे. भूकंपानंतर या तिन्ही गोष्टी घरात असणंच धोक्याचं. सिलिंडर आडवा होतो, नळी निसटते, गॅस पसरलेला असतो आणि वीज गेली म्हणून माणूस सवयीने काडी ओढतो. धक्का थांबला की पहिलं काम रेग्युलेटर बंद करणं, खिडक्या-दारं उघडणं, आणि वास येत असेल तर विजेचं कुठलंही बटण न दाबता बाहेर पडणं. पुरातही सिलिंडर तरंगतात आणि वाहून जातात, म्हणून पाणी चढायच्या आधी रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर साखळीने बांधून ठेवतात. ज्या संकटात उजेडाला आगीची गरजच नाही, त्यासाठीच्या पिशवीत तीन-तीन आगीच्या वस्तू देणं मला अजिबात पटलं नाही.

होकायंत्रही काढलं. चाकू-पक्कड एकत्र असलेलं हत्यार मात्र ठेवलं, फक्त त्याच्या पात्याने साधी सुतळी कापते, दावं कापत नाही. हे मी गोठ्यात करून बघितलं. २०१९ ला नदीकाठच्या गावांत कितीतरी जनावरं दावणीलाच बुडाली. वेळ नसेल तर दावं कापून जनावर मोकळं सोडायचं असतं, ते पोहून उंचावर जातं. त्यासाठी गोठ्याच्या खांबालाच एक धारदार विळा अडकवून ठेवला आहे.

चंदेरी ब्लँकेट कागदासारखं पातळ. वारा अडवतं, अंगाची ऊब धरतं हे खरं, पण फार आवाज करतं आणि एकदा कडा फाटली की उभं चिरत जातं. आईच्या अंगावर घातलं तर ती म्हणाली, “अगं, ह्याला काय ऊब म्हणत्यात व्हय? घोंगडी दे मला.” तिचं बरोबर आहे. कोयना खोऱ्यात डिसेंबरच्या पहाटे घराबाहेर उघड्यावर बसायचं म्हणजे काय थंडी असते, हे तिने सातव्या वर्षी सोसलंय. १९६७ ला लोक कित्येक रात्री घरात झोपले नाहीत, अंगणात, शेतात पालं ठोकून राहिले. लोकर ओली झाली तरी ऊब देते. घोंगडी जड असते, पण भूकंपाची पिशवी अंगणापर्यंतच न्यायची असते, ती पाठीवर घेऊन मैलभर चालायचं नसतं. म्हणून हेळवाकच्या पिशवीबरोबर दोन घोंगड्या आणि एक मोठी ताडपत्री ठेवली. सांगलीच्या पिशवीत चंदेरी ब्लँकेटच राहू दिलं, ते हलकं आहे.

पाण्याची पाकिटं बघून मला वाईट वाटलं. १२५ मिलिलिटरची सहा, म्हणजे सगळं मिळून पाऊण लिटर. चार माणसांना तीन दिवस! माणशी दिवसाला निव्वळ पिण्यासाठी तीन लिटर धरा, तर चौघांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागतं. ते ३६ किलो वजन कुठल्याच पिशवीत मावणार नाही आणि कुणाला उचलणारही नाही. म्हणून पिण्याचं पाणी पिशवीत ठेवायची वस्तूच नव्हे, ते घरात वरच्या मजल्यावर कॅनमध्ये ठेवायचं. आम्ही २० लिटरचे दोन कॅन ठेवतो आणि पावसाळ्यात ते आठवड्याला बदलतो. पिशवीत फक्त एकेक लिटरच्या दोन बाटल्या आणि मेडीक्लोरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या थेंबांची, बाटली. पुराचं गढूळ पाणी आधी चौपदरी फडक्यातून गाळायचं, मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब टाकून अर्धा तास ठेवायचं. न गाळता थेंब टाकले तर औषध गाळातच खर्ची पडतं. ओआरएसच्या एक लिटरवाल्या पुड्या घ्या आणि पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवा.

खाऊ म्हणून दिलेल्या वड्या मुलाने एक खाल्ली आणि ठेवून दिली. गोड, पिठूळ, आणि पाकिटावरची मुदत सहा महिन्यांचीच उरलेली. सांगलीत राहून हे विकत घ्यायची गरज काय? तासगावचे बेदाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याच्या वड्या, सातूचं पीठ, मेतकूट, पातळ पोहे. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत. सातूचं पीठ पाण्यात गूळ घालून कालवलं की पोटभरीचं होतं, चूल लागत नाही, आणि दात नसलेल्या माणसालाही खाता येतं. भडंग मात्र पिशवीत ठेवू नका. आपली कितीही लाडकी असली तरी तेलाची वस्तू आहे, काही आठवड्यांत खवट लागते. डबे आम्ही अक्षय तृतीयेला आणि दिवाळीला बदलतो. जुनं खाऊन टाकायचं, नवं भरायचं. तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

औषधांचा डबा म्हणजे नुसती पट्टी, कापूस, चार चिकटपट्ट्या आणि एक कात्री. कात्री तेवढी चांगली आहे. बीटाडाइन, निर्जंतुक गॉज, जाड बँडेज, पॅरासिटामॉल आणि घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्यांचा दोन आठवड्यांचा साठा स्वतः भरा. सासूबाईंना मधुमेह आहे. पुरात वीज गेली की फ्रिज बंद, आणि इन्सुलिनचं काय हा प्रश्न २०१९ ला आमच्या गल्लीत घरोघर होता. आमच्या डॉक्टरांनी समजावलेलं सांगते: वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर, ३० अंशांच्या आत चालते, प्रत्येक प्रकाराची मुदत मात्र पाकिटावर बघून घ्यायची. न उघडलेल्या बाटल्या प्लास्टिकच्या डबीत घालून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवायच्या. बर्फाला थेट टेकवायच्या नाहीत, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. गुडघाभर घाण पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोळी घ्यायची का, हेही डॉक्टरांनाच विचारा, शेजाऱ्याला नाही.

आणि बायकांनो, या पिशवीत एकही सॅनिटरी पॅड नाही. चार माणसांची, तीन दिवसांची पिशवी, आणि ज्याने कोणी ही यादी केली त्याला हे सुचलंच नाही. पुरात शाळेच्या, मंगल कार्यालयाच्या निवारा केंद्रात पोचलेल्या बाईला पहिली अडचण हीच असते, आणि ती कुणाला सांगताही येत नाही. पॅड, अंतर्वस्त्रांचे दोन जोड, ओढणी, साबण, काळ्या कचऱ्याच्या पिशव्या आणि झाकणाची एक बादली. घरात म्हातारं माणूस असेल तर मोठ्यांचे डायपर. वरच्या मजल्यावर अडकून पडलात आणि संडास पाण्याखाली असला तर या बादलीसारखी उपयोगाची दुसरी वस्तू नाही. बरोबर चुन्याची किंवा ब्लिचिंग पावडरची पुडी ठेवा.

सगळं भरून पिशवी काट्यावर ठेवली तर नऊ किलोच्या आसपास गेली. सासूबाईंनी ती उचलून बघितली आणि खाली ठेवली. म्हणाल्या, “एवढं वझं मला झेपायचं नाही गं. आणि नावेत घेतील का हे?” त्या प्रश्नाने मी सगळी मांडणी बदलली. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली, माणसं गेली. ती बातमी सांगली जिल्ह्यात कुणीच विसरलेलं नाही. नाव आली की सामान नाही, माणूस चढतो. मोठी पिशवी मागे ठेवायला सांगितली तर वाद न घालता ठेवता आली पाहिजे, आणि त्यासाठी जे अत्यावश्यक आहे ते अंगावर पाहिजे. मी उरलेल्या कापडातून गळ्यात अडकवून छातीशी बांधायच्या चपट्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकाला एक. आत प्लास्टिकच्या दुहेरी पाकिटात कागदपत्रं, चार दिवसांच्या गोळ्या, थोडे सुटे पैसे, शिट्टी आणि एका कार्डावर नाव, रक्तगट आणि नातेवाइकांचे नंबर पेनाने लिहिलेले. मोबाइल बंद पडल्यावर नवऱ्याचा नंबरही आठवत नाही, असं होतं. त्याच कार्डावर ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. नावेत बसताना जाकीट मिळालं तर ते या पिशवीवरूनही बांधता येतं, एवढी ती चपटी आहे.

कागदपत्रांत काय ठेवायचं हे लोक नेहमी विचारतात. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, घराचा उतारा, शेती असेल तर सातबारा, विम्याचे कागद, मुलांचे शाळेचे दाखले. पाटण तालुक्यातल्या घरांनी भूकंपग्रस्त दाखला विसरू नये, मुलांच्या नोकरीला तो लागतो, आणि दुसऱ्या भूकंपात पहिल्या भूकंपाचा दाखला हरवावा असं कुणाचं होऊ नये. डिजिलॉकरमध्ये जे मिळतं ते तिथे उतरवून घ्या. आणि पावसाळ्याआधी घराचे, भिंतींचे, यंत्रांचे, धान्याचे मोबाइलवर फोटो काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा चिखलाने भरलेल्या खोलीत काय काय होतं, हे तोंडी सांगणं फार अवघड जातं. माझ्या दोन शिलाई यंत्रांच्या मोटारींचे नंबरही मी असेच फोटोत ठेवले आहेत.

राहिला जागेचा प्रश्न. सांगलीची पिशवी वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी आहे. आयर्विनला ३५ फूट झाले की ती खाली उतरवून तपासायची, ४० झाले की सासूबाईंना विश्रामबागेत नणंदेकडे पोचवायचं आणि घराचा मेन स्विच कधी पाडायचा ते ठरवायचं. इन्व्हर्टरची बॅटरीही तेव्हाच वर न्यायची. हेळवाकची पिशवी मात्र मी आधी माजघरात, कपाटाशेजारी ठेवणार होते, तेव्हा आई म्हणाली, “भिंत आत पडती का भाईर, कुणाला ठावं? पडवीत टांग.” दगड-मातीची जाड भिंत ज्या घरात आहे तिथे पिशवी आत ठेवून उपयोग नाही. आता ती पडवीत, बाहेरच्या खांबाला, हात पोचेल अशा खुंटीवर आहे. जमीन हलत असताना ती आणायला कुणी धावायचं नाही, हे सगळ्यांना बजावलंय. आधी खाली बसायचं, भक्कम टेबलाखाली डोकं झाकायचं, धरून राहायचं. हलणं थांबलं की बूट घालायचे, बाहेर पडायचं आणि जाता जाता पिशवी खुंटीवरून काढायची. भावाने त्याच दिवशी दोन्ही लोखंडी कपाटं अँगल मारून भिंतीला पक्की केली. हे काम कुठल्याही पिशवीपेक्षा आधी करा. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या, तेव्हापासून त्या भागात पावसाळ्यातही हीच पिशवी तयार लागते. डोंगराच्या पायथ्याशी असाल तर अतिवृष्टीचा इशारा आला की पिशवी घेऊन आधीच बाहेर पडा.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल. एका टॉर्चमधली बॅटरी फुगलेली निघाली. फोटो पाठवल्यावर आठवडाभरात दुसरा टॉर्च आला, पैसे मागितले नाहीत, त्याबद्दल पूर्ण मार्क. पॅड आणि पट्ट्याच्या शिवणीबद्दल मी लिहिलं, चौकोन-फुलीच्या टिपेचा फोटोही जोडला. त्यावर ‘आपला अभिप्राय पोचला’ एवढंच आलं.

काढलेलं सोडून आणि भरलेलं धरून एक पिशवी मला चार हजारांच्या आत पडली. कमी पैशांत हवी असेल तर मुलांचं जुनं मजबूत दप्तर घ्या, पट्ट्याला टीप मारा, टॉर्च आणि शिट्टी तेवढी विकत आणा. पाचात साडेतीन गुण देते. आणि मागवायचीच असेल तर मे महिन्यात मागवा. जुलैच्या शेवटी पाणी चढायला लागलं की रस्ते बंद होतात, कुरिअर कोल्हापूर किंवा कराडला अडकतं, आणि त्या आठवड्यात गणपती पेठेतली दुकानंसुद्धा आपला माल वर चढवण्यात गुंतलेली असतात.